क्लच गेला म्हणून ट्रॅक्टर गेला नाही
(जुन्या ट्रॅक्टरचा क्लच कमी खर्चात, पण नीट कसा बदलावा)

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या अंकात खोडव्याच्या पाचटावर लिहायचे असे मी ठरविले होते. परंतु गेल्या हंगामात आपल्याच गटात एक प्रसंग घडला आणि त्यात थोडी चूक माझीही होती. म्हणून पाचट पुढच्या अंकावर ढकलून आज ट्रॅक्टरच्या क्लचबद्दल लिहितो. ऊस विकास अधिकाऱ्याने क्लचवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण तोडलेला ऊस फडातून गव्हाणीपर्यंत आणायचा तो ट्रॅक्टरनेच. वाटेत क्लच बसला की लागणीपासून तोडणीपर्यंत घेतलेल्या कष्टाचे वजन उन्हात सुकते.

आपल्या एका सभासदाकडे २५ अश्वशक्तीचा जुना एच.एम.टी. ट्रॅक्टर आहे. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणतो. एच.एम.टी.ने झेटर कंपनीच्या तंत्रावर १९७१ साली ट्रॅक्टर बांधायला सुरुवात केली आणि २०१६ साली केंद्र सरकारने पिंजोरचा तो ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. ट्रॅक्टरचा कारखाना राहिला नाही, पण त्याचे ट्रॅक्टर आजही शेतात राबताना दिसतात. नानांचा ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी घेतलेला. त्यावर त्यांचा फार जीव. नवीन घ्यायची ऐपत नाही आणि हा विकायची इच्छा नाही, अशी त्यांची गत.

हंगामाच्या आधी नाना गटऑफिसला आले. म्हणाले, "साहेब, गाडी ओढीना झाली. इंजिन बोंबलतंय, चाक जागचं हलंना." शहरातल्या एका गॅरेजवाल्याने पूर्ण नवीन क्लचसंच आणि मजुरी धरून एकोणीस हजारांचा आकडा सांगितला होता. मी पदविका घेतली तेव्हा आम्हाला शेतीयंत्रे हा विषय होता, तेवढ्या बळावर मी म्हणालो, "नाना, अस्तर झिजले असेल. प्लेटला नवे अस्तर मारून घ्या, एवढा खर्च कशाला?" नानांनी तसे केले. अस्तराचे अकराशे, मजुरी अठ्ठावीसशे, एकूण तीन हजार नऊशे रुपयांत काम झाले. आम्ही दोघेही खूष.

तीन आठवड्यांनी नानांचा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसह काट्याच्या चढावर उभा राहिला. मागे गाड्यांची रांग, पुढे जळक्या अस्तराचा वास. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून तो बाजूला घेतला. त्याच दिवशी त्यांच्या वाटेला आलेल्या फडात टोळीने ऊस तोडून टाकला होता. तो ऊस नानांचा नव्हे, शेजारच्या एका मावशींचा. घरात कर्ता माणूस नाही, अवघा एक एकर ऊस. दुसरे वाहन मिळेपर्यंत तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडून राहिला. मावशी गटऑफिसला आल्या आणि शांतपणे एवढेच म्हणाल्या, "साहेब, उसाचं वजन सुकलं, ते कुणाच्या खात्यावर मांडायचं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तोडणीनंतर ऊस जितका लवकर गाळला जाईल तितका बरा, हे मीच सभांतून सांगत फिरतो. उशिराने वजन घटते आणि साखरही उतरते.

पुढे ट्रॅक्टर उघडला तेव्हा कारण कळले. इंजिनच्या मागच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील गळत होते. नव्या अस्तरावर तेल बसले आणि ते तव्यावर जळावे तसे जळून काचेसारखे गुळगुळीत झाले. पहिल्या वेळी घर उघडे असताना सील बदलले असते तर दोनशे चाळीस रुपयांत भागले असते. मी अस्तर पाहिले, ते झिजले का आणि आजूबाजूला काय चालले आहे ते पाहिले नाही. तीच चूक आपणाकडून होऊ नये म्हणून पुढील माहिती देतो.

क्लच चालतो कसा

इंजिनच्या मागे जड फ्लायव्हील फिरत असते. गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवर क्लचप्लेट बसते. या प्लेटच्या दोन्ही अंगांना अस्तर असते. स्प्रिंगांच्या जोराने प्रेशरप्लेट या क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते, म्हणून इंजिनची ताकद चाकाला जाते. आपण पेडल दाबतो तेव्हा काटा पुढे सरतो, त्यावरचे रिलीज बेअरिंग प्रेशरप्लेटची बोटे दाबते, प्रेशरप्लेट मागे येते आणि मधली क्लचप्लेट मोकळी होते. थोडक्यात, दोन तळव्यांत दाबून धरलेली भाकरी सैल सोडावी तसे हे आहे.

अस्तर झिजत गेले की प्लेट पातळ होते, बोटे बेअरिंगच्या जवळ सरकतात आणि पेडलची मोकळी चाल कमी होते. ही चाल अगदी संपली तर पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग बोटांना टेकून राहते. मग पकड ढिली पडते, क्लच घसरतो आणि बेअरिंगही अकारण फिरत राहते. उलट, चाल फार वाढली तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना करकर होते.

खोलण्याआधी तपासा

फुकटातली तपासणी आधी करावी.

एक. पेडलची मोकळी चाल मोजा. हाताने पेडल दाबा. जिथपर्यंत ते सहज जाते आणि पुढे जड लागते, तेवढी ही चाल. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरना ती साधारण इंचभर लागते, पण आपल्या ट्रॅक्टरचे पुस्तक म्हणेल तेच खरे. चाल संपली असेल तर आधी सळईचा नट फिरवून ती लावून घ्या. पुष्कळदा "क्लच गेला" म्हणून आलेला ट्रॅक्टर एवढ्यावरच बरा होतो. सळईचे आटे संपले आणि चाल तरीही मिळेना, तर मात्र प्लेट झिजली असे समजावे.

दोन. घसरतो का ते पाहा. सपाट जागी, पुढे माणूस नाही याची खात्री करून, दोन्ही ब्रेक जुळवून पक्के लावा. वरचा गिअर टाका आणि पेडल सावकाश सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडते. इंजिन चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. लगेच पेडल दाबून थांबा. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केली तर उरलेसुरले अस्तरही जाईल.

तीन. आवाज ऐका. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगकडे संशय जातो. गिअर मोकळा, पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि पेडल दाबताच थांबतो, तर दोष गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगकडे असू शकतो.

चार. तेल पाहा. मी चुकलो ते इथेच. पुष्कळ ट्रॅक्टरच्या क्लचघराच्या तळाशी एक बारीक भोक असते. ते चिखलाने बुजू देऊ नका. तिथून थेंब पडत असेल तर त्याखाली रात्रभर कागद ठेवा. पातळ, काळे तेल असेल तर ते इंजिनचे आणि दोष क्रँकच्या सिलाचा. दाट, उग्र वासाचे असेल तर ते गिअरबॉक्सचे. नानांच्या ट्रॅक्टरखाली काळा डाग होता. आम्ही दोघांनीही तो पाहिला होता आणि "जुन्या गाडीला एवढं चालायचंच" असे म्हणून सोडून दिला होता.

पैसे कुठे वाचवावेत, कुठे वाचवू नयेत

क्लच बदलण्यात मोठा खर्च मजुरीचा असतो, कारण त्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडावा लागतो. इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे. म्हणून एक सूत्र ध्यानात ठेवावे: जे बदलण्यासाठी पुन्हा ट्रॅक्टर सोडावा लागेल, ते जुने ठेवू नये. जे चांगले आहे ते मापून खात्री करून ठेवावे, उगीच बदलू नये.

दुसऱ्या वेळी नानांनी आपल्या गावच्या मिस्त्रीकडे काम दिले. त्याची चिठ्ठी मी मुद्दाम मागून घेतली. ती अशी:

नवी क्लचप्लेट — २,४०० रु.
प्रेशरप्लेट दुरुस्ती, स्प्रिंगा व बोटे जुळवून — १,३०० रु.
रिलीज बेअरिंग — ६५० रु.
फ्लायव्हीलच्या मध्यातील पायलट बेअरिंग — १८० रु.
दोन्ही ऑइल सिले — ३७० रु.
फ्लायव्हील लेथवर घासणे — ६०० रु.
मजुरी — ३,००० रु.
एकूण — ८,५०० रु.

आपल्या ट्रॅक्टरला, आपल्या गावात हे आकडे कमीजास्त होतील. पण तुलना पाहा. एकोणीस हजारांचे काम साडेआठ हजारांत नीट झाले, आणि आधी वाचवायला म्हणून केलेले तीन हजार नऊशे मात्र पाण्यात गेले.

यातील एकेक बाब का घेतली ते सांगतो.

क्लचप्लेटला नवे अस्तर मारणे चुकीचे नाही. मधला खाचांचा गाभा शाफ्टवर घट्ट बसत असेल, मधल्या स्प्रिंगा ढिल्या नसतील आणि प्लेट वाकडी नसेल, तर नवे अस्तर पुरते. नानांच्या प्लेटचा गाभा दुसऱ्या वेळी शाफ्टवर बसवून हलविला तर डुलत होता, म्हणून नवी घेतली. अस्तर झिजून रिव्हेटच्या डोक्याला आले असेल तर एक दिवसही थांबू नये. रिव्हेट फ्लायव्हीलला चरे पाडतात आणि खर्च दुप्पट होतो.

प्रेशरप्लेटचा चेहरा सपाट असेल, तडा नसेल, स्प्रिंगा तापून निळ्या पडल्या नसतील, तर ती दुरुस्त होते. बोटांची उंची मात्र सारखी लावून घ्यावी. एक बोट वर, एक खाली असले की क्लच धक्के देतो.

फ्लायव्हीलवर चरे किंवा निळे डाग असतील तर लेथवर घासून घ्यावे. मोठा तडा असेल तर घासण्याच्या भरीला पडू नये. फ्लायव्हीलचा घासायचा चेहरा आणि प्रेशरप्लेट बसण्याची कड यांच्यात पायरी असेल, तर चेहरा जेवढा घासला तेवढीच कडही घासायला सांगावी. हे विसरले तर दाब कमी पडतो आणि नवा क्लचही घसरतो.

बेअरिंगे आणि सिले यांत काटकसर करू नये. ही पैशाने लहान आणि त्रासाने मोठी. रिलीज बेअरिंग आतून ग्रीस भरून बंद केलेले असते. कित्येकजण ते डिझेलमध्ये धुतात. त्याने आतले ग्रीस निघून जाते आणि नवे बेअरिंग महिनाभरात ओरडू लागते.

काम करताना

मिस्त्री कितीही जुना असला तरी मालकाने जवळ उभे राहावे आणि पुढील गोष्टी होतात की नाही ते पाहावे.

जागा सपाट व टणक हवी. ओल्या अंगणात ट्रॅक्टर सोडू नये. बॅटरी सोडावी, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावावेत. पुढचा आस मधल्या खिळीवर डुलतो, म्हणून इंजिन सुटल्यावर कलंडू शकते. आस आणि त्यावरचा आधार यांच्यात दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकाव्यात. इंजिनखाली आणि गिअरबॉक्सखाली स्वतंत्र भक्कम घोड्या द्याव्यात. दगड, विटा आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणीही खाली जाऊ नये. क्लच साडेआठ हजारांत येतो, माणूस कशातच येत नाही.

आतली काळी भुकटी फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या अस्तरात अ‍ॅसबेस्टॉस असायचे आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावे व ते फडके पिशवीत बांधून टाकावे. पोराबाळांना जवळ येऊ देऊ नये.

क्लचप्लेट कोणत्या अंगाने बसली होती ते काढतानाच खडूने लिहावे. उलटी बसली तर क्लच सुटणारच नाही आणि सारे पुन्हा खोलावे लागेल. बसविताना प्लेट मधोमध यावी म्हणून जुना शाफ्ट किंवा सुताराकडून त्या मापाचा कातून घेतलेला लाकडी दांडा घालावा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे असे आवळावेत. शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी बोटभर लावावे, जास्त झाले तर ते फिरताना उडून अस्तरावर बसते.

शेवटी, दोन भाग जोडताना ते हाताने सरकून एकमेकांना टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर बोल्ट आवळून ओढू नयेत आणि गिअरबॉक्सचे वजन प्लेटवर लटकू देऊ नये. प्लेट वाकते. शाफ्ट जरासा फिरवावा, खाचा जुळल्या की तो आपसूक आत जातो. मग पेडलची चाल पुन्हा मोजून लावावी आणि पहिले काही दिवस हलके काम करावे. नवी प्लेट बसल्याबरोबर दोन ट्रॉल्या जोडू नयेत.

ज्यांच्या ट्रॅक्टरला डबल क्लच आहे, त्यांनी मिस्त्रीला तसे आधीच सांगावे. त्यात अर्ध्या पेडलला चाक सुटते आणि पूर्ण पेडलला मागचा पी.टी.ओ. सुटतो. त्याची मापे वेगळी आणि कामही जास्त.

क्लच खातो कोण?

क्लच रस्त्यावर झिजतो त्याहून जास्त आपल्या कारखान्याच्या आवारात झिजतो, असे मला वाटते. नंबराला लागलेला ट्रॅक्टर दर थोड्या वेळाने गाडीभर पुढे सरतो. ड्रायव्हर गिअर काढतच नाही, अर्ध्या पेडलवर ट्रॅक्टर धरून ठेवतो. काट्याच्या चढावर ब्रेकऐवजी क्लचवर तोलतो. आणि कित्येकांचा डावा पाय पेडलवर असा विसावलेला असतो, जणू पारावरच बसला आहे. म्हणून तीन सवयी लावाव्यात: थांबलात की गिअर मोकळा, चढावर ब्रेक, आणि काम नसताना पाय पेडलवरून खाली. भरली ट्रॉली लहान गिअरमध्येच उचलावी. हे सांगायला पैसा लागत नाही, पण ड्रायव्हरला घरचा समजून सांगावे लागते, ओरडून नव्हे.

दुरुस्तीचा काळ गाळप संपल्यापासून दसऱ्यापर्यंतचा. तेव्हा मिस्त्री मोकळा असतो, लेथवाला मोकळा असतो, आणि घासाघीसही करता येते. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुऊन, हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालतो. हार घालायच्या आधी एकदा पेडल मोजा आणि ट्रॅक्टरखाली वाकून डाग पाहा. माझ्या मते तीही पूजाच आहे.

नानांचा ट्रॅक्टर उरलेला हंगाम एकही खेप न चुकता चालला. मावशींचा खोडवा चांगला फुटला आहे, परवाच पाहून आलो. या खेपेस त्यांच्या फडात तोड घालण्याआधी वाहन दारात उभे असल्याची खात्री मी स्वतः करीन, असा शब्द त्यांना दिला आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "वाहन उभं नको साहेब, चालतं पाहिजे."

तेव्हा आपापल्या ट्रॅक्टरचे पेडल या आठवड्यातच मोजून घ्यावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.